दोन बटनांचा टेप

काकाजी, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा हक्क माझा नाही. मी तुमचा मुलगा नाही, भाचा नाही. तुमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला पोरगा, एवढंच आपलं नातं. तुमचा गजूदादा म्हणाला, "तू कॉलेजात आहेस, बाबांवर चार ओळी लिहून दे, तेरवीले वाचू." मी लिहिल्या. शांत स्वभावाचे, मनमिळाऊ, सगळ्यांच्या हाकेला धावणारे. लिहून झाल्यावर वाचल्या तर त्या कोणत्याही गेलेल्या माणसाच्या वाटल्या. त्याला देऊन टाकल्या तरी.

हे त्याहून वेगळं आहे. हे तेरवीला वाचायचं नाही. आपलं पांढुर्णा मध्य प्रदेशात, म्हणून माझी शाळा हिंदीत झाली, मराठी जे आहे ते आईच्या तोंडून आलेलं. आमच्या घरात साधं पत्र लिहिणारासुद्धा आजवर कोणी झाला नाही, त्यामुळं गेलेल्या माणसाला कसं लिहितात हे विचारायला मी कोणाकडं जाऊ? काही चुकलं तर समजून घ्या. माझं चुकलेलं समजून घ्यायची तुम्हाला सवय होती. किती होती, तेच मला नक्की माहीत नाही, आणि म्हणूनच हे लिहितो आहे.

तुमचा जुना टेप माझ्या टेबलावर आहे. तुम्ही त्याला कधी टेप म्हणायचे, कधी टीव्ही. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ती सात सीटची पांढरी गाडी नागपूरहून सेकंड हँड आणली तेव्हा तो तिच्यात कंपनीनंच बसवलेला होता. वीतभर पडदा. पहिल्या दिवशी तुम्ही गल्लीतून हाक मारली होती, "पवन, ये बरं इकडं. चावी फिरवली का हे काय लिहून येते पाय."

मी वाचलं. "लिहिलंय, गाडी चालवताना या पडद्याकडं पाहू नका."

"मंग लावला कायले?"

काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "घरच्या बाईकडं पाहाले टाइम नाई, अन् आता टीव्हीकडं पाहातीन."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला आतून फार मोठं झाल्यासारखं वाटलं. बाबा संत्र्याच्या पेट्या ठोकतात, आई सीझनमध्ये फळं छाटायला जाते. आमच्याकडं दहावीच्या पुढं गेलेला मीच पहिला. अख्ख्या गल्लीत तो इंग्रजी पडदा वाचता येणारा मी एकटा. कॉलेजात शिकतात ते यासाठीच, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं.

छिंदवाड्याला अॅडमिशनसाठीही तुम्हीच नेलं होतं. गेटपाशी मी म्हटलं, "काकाजी, आत चला ना." तुम्ही गाडीला टेकून उभे राहिले. "आत तू जाय. माहं काम गाडीपर्यंत." मी तीन तासांनी बाहेर आलो तर तुम्ही तिथंच, त्याच पायावर. काय झालं, विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "चाल, आलूबोंडा खाऊ." तोंड वाचण्यात तुमचा हात धरणारा मी अजून पाहिला नाही.

ते तोंड वाचणं तुम्हाला कामानं शिकवलं होतं. लग्नं होती, नागपूरचे पेशंट होते, पण तुमच्या गाडीचं एक काम असं होतं की त्याला कोणी नाव दिलेलं नव्हतं. पांढुर्ण्यात कोणाच्या घरी कोणी गेलं आणि मुलगी छिंदवाड्याला असली, मुलगा नागपूरला असला, की लोक तुम्हाला फोन करायचे. तुम्ही जायचे आणि दारात उभं राहून म्हणायचे, "बाबाची तब्येत जास्त झाली, चाला." तेवढंच. खबर पोटात ठेवून शंभर-शंभर किलोमीटर गाडी चालवायचे. घरी पोचल्यावर घरची माणसं सांगायची. गाडीत सांगायचं नाही, हा तुमचा नियम. तुमचा एकट्याचा नाही, आपल्याकडं सगळेच पाळतात, पण तुमच्याइतका सांभाळून कोणी पाळला नाही. पुढंपुढं तर न बोलावता तुमची गाडी कोणाच्या दारात उभी राहिली तरी आतल्या बाया आधी तुमच्या तोंडाकडं पाहायच्या. तुम्ही हसून सांगायचे, "हवा भराले थांबलो बाई."

छिंदवाड्याहून येताना लागतं त्या रामाकोन्याच्या हॉटेलात तुम्ही मला एकदा ते सगळं सांगितलं होतं. मी पहिल्या वर्षाला होतो.

"असं माणूस घेऊन येत असलं का त्याले आधी खाऊ घालाचं. घरी गेल्यावर चूल नाई पेटत. माती होयेपर्यंत त्याले कोणी पानी बी नाई विचारत."

"आणि त्यानं तुम्हाला सरळ विचारलं तर? गेले का म्हणून?"

"नाई विचारत कोणी."

"का?"

"त्याले मालूम असते ना बे. पण मालूम असनं येगळं अन् सांगनं येगळं."

मी तेव्हा मान हलवली. कळलं नव्हतं.

आता ते सांगतो, जे मी कधी सांगितलं नाही.

तुम्ही घाटातसुद्धा फोन कानाला लावून गाडी चालवायचे. मला भीती वाटायची. मी तुमचा फोन टेपला जोडून दिला, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचं हिरवं बटन दाखवलं. "अंगठ्यानं दाबायचं काकाजी, फोन उचलायची गरज नाही." तुम्ही दर वेळी हिरव्याच्या जागी लाल दाबायचे आणि फोन कटायचा. मग परत फोन हातात.

त्या शनिवारी तुम्ही वंदनाताईला आणायला छिंदवाड्याला आले होते. ताई तिथं नोकरीला, वडील पांढुर्ण्याला आजारी. मला सुट्टी होती म्हणून मीही गाडीत बसलो. तुम्ही मला हळूच सांगितलं, "म्हातारा सकाळी गेला. तोंड सांभाळजो." आणि ताईला बोलवायला वर गेले. मी पुढच्या सीटवर बसून होतो, तोंड कसं सांभाळतात याचा विचार करत, आणि हात रिकामे म्हणून टेपचं सेटिंग उघडलं. तिथं एक ओळ होती. ती चालू केली की येणारा फोन टेप आपणहून उचलतो. मला वाटलं, झालं काम. आता काकाजींना काही दाबावंच लागणार नाही. मी ते चालू केलं.

सांगणार होतो. पण तुम्ही खाली आले, मागून ताई आल्या, त्यांची बॅग ठेवली, गाडी निघाली. राहून गेलं.

रामाकोन्याला तुम्ही ताईंना खाऊ घातलं. अर्धं खाल्लं त्यांनी. तिथून निघून दहा मिनिटं झाली असतील. फोन वाजला. एकदाच. तुम्ही हात उचलायच्या आत तो उचलला गेला आणि चारही स्पीकरांतून ताईंच्या भावाचा आवाज आला, मोठा, स्वच्छ, कोणी गाडीतच बसून बोलावं तसा.

"काकाजी, कुठवर आले? बाबाले आंगनात काढलं. ताईले सांगजा नका बरं अजून. घरी आल्यावर सांगू."

मागून ताई अगदी हळू म्हणाल्या, "भाऊ, मी आयकून राहिली."

तिकडून नुसता श्वास आला, आणि फोन बंद झाला.

तुम्ही गाडी बाजूला घेतली. तिथं घर नव्हतं, झाड नव्हतं, दोन्हीकडं कापसाचं वावर. ताई उतरल्या आणि रस्त्याच्या कामाला टाकलेल्या गिट्टीवर बसल्या. ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकमागं धूळ उठायची आणि त्यांचा पदर उडायचा. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन उभे, मी दार धरून उभा. आपण दोघं पुरुष, परके. त्यांच्या खांद्यावर हात ठेवणारं तिथं कोणी नव्हतं. खबर घरीच का द्यायची असते ते मला त्या गिट्टीवर कळलं. तोपर्यंत उशीर झाला होता.

गाडी परत चालू करताना तुम्ही स्टिअरिंगकडं पाहिलं. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माहा अंगठा लागला वाटते."

मी सीटबेल्ट लावला.

पांढुर्ण्याला त्यांच्या अंगणात तुम्ही त्या भावापुढं हात जोडले. "गल्ती झाली माह्यानं. अंगठा लागला बटनाले." सगळ्या लोकांसमोर. मी तुमच्या मागं ताईंची बॅग धरून उभा होतो. बॅग खाली ठेवायची तरी हिंमत व्हायला पाहिजे होती. तीसुद्धा झाली नाही.

त्या दिवसापासून तुम्ही गाडीत फोन बंद ठेवून आणि डावा अंगठा वर उचलून गाडी चालवायला लागले. चार बोटं स्टिअरिंगवर आणि अंगठा हवेत, दुखावल्यासारखा. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मी शेजारी बसायचो, मला तेवढंच दिसायचं.

आपलं भांडण झालं ते त्यानंतर. खरं तर मी भांडलो, कारण कबूल करण्यापेक्षा भांडणं सोपं होतं. मी म्हटलं, "काकाजी, खबर खोटी तर नव्हती. ताईला समजणारच होतं. आपण लपवतो हेच चूक आहे. शिकलेल्या बाईला खरं सांगायला काय हरकत?"

"खरं सांगाची मनाई नाई," तुम्ही म्हणाले. "भाकर भुकेल्याच्या अंगावर फेकत नाई आपण. ताटात वाढतो."

"पण दोन तास खोटी आशा..."

"दोन तास तिचा बाप तिच्यासाठी जित्ता राह्यला असता. तुह्या टीव्हीनं ते दोन तास घेतले."

तुह्या टीव्हीनं. हे तुम्ही बोलण्याच्या ओघात म्हणाले का? पडदा मला वाचता येतो म्हणून तो माझा? की तुम्हाला सगळं ठाऊक होतं? तुमचं तोंड वाचायला मी शिकलो नव्हतो. मी म्हटलं, "मी सेटिंग पाहतो, बंद करून देतो." तुम्ही म्हणाले, "सेटिंग नको. हा काढूनच टाकाचा."

सौंसरला बस स्टँडजवळ इरफानभाईच्या दुकानात आपण गेलो तो दिवस मला पूर्ण आठवतो. इरफानभाई म्हणजे तुमच्या जीपच्या काळापासूनचा दोस्त. गाडीत डोकं घालून त्यानं कपाळाला हात लावला.

"काकाजी, अख्ख्या सौंसरमधी लोक छोटा काढून मोठा लावतात. मोठा काढून छोटा लावनारे तुमी पयलेच."

"पयला नंबर कधी आला नाई माहा. आता येऊ दे."

"मागचा कॅमेरा बंद होईन. रिव्हर्स कसा घ्यान?"

"तीस वर्सं मान वळवून घेतला. मान काई कंपनीनं वापस नाई नेली."

"स्टिअरिंगचे बटन बी मरतीन."

"मरू दे," तुम्ही म्हणाले. हे म्हणताना हसले नाहीत.

त्यानं एक सेट दाखवला. तुम्ही विचारलं, "याच्यात फोन लागते का?" लागायचा. दुसरा दाखवला, त्यातही लागायचा. इरफानभाई म्हणाला, "आता सगळ्यातच येते काकाजी, बिनफोनचा कोनी घेतच नाई." शेवटी स्टुलावर चढून त्यानं वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक डबा काढला. रेडिओ, पेन ड्राइव्हचं छिद्र आणि दोन गोल बटनं. एक आवाजाचं, एक स्टेशनचं. निळा लाइट. तुम्ही दोन्ही बटनं बोटांनी फिरवून पाहिली, जसं बाजारात वांगं फिरवून पाहतात तसं, आणि म्हणाले, "हां. हे समजते."

चाकूला फडकं गुंडाळून त्यानं डॅशबोर्डची पट्टी उचकटली, चार स्क्रू काढले आणि पडदा ओढून बाहेर घेतला. मागून तारांचा गुच्छ लोंबत होता. मी पाहत होतो आणि पुन्हा पुन्हा म्हणत होतो, "काकाजी, थांबा ना, सेटिंग बंद केलं की झालं." इरफानभाईनं मला विचारलं, "तुले कसं मालूम बे सेटिंगचीच गडबड होती?" मी म्हटलं, "अंदाज." तुम्ही रस्त्याकडं पाहत होते.

नवा सेट छोटा, जागा मोठी. उरलेल्या भोकात त्यानं काळ्या प्लास्टिकचा एक खण बसवला. कंपनीचा प्लग नव्या सेटला लागेना, म्हणून तारा कापून जोडल्या. पिवळी तार सरळ बॅटरीची असते, सेटला तिच्यावर सगळं लक्षात राहतं. लाल चावीची. त्यानं दोन्ही एकत्र चावीवर जोडल्या. मी म्हटलं, "इरफानभाई, पिवळी चुकली. गाडी बंद केली की हा सगळं विसरणार. दर वेळी पहिल्या गाण्यापासून."

तो परत सोडायला बसला. तुम्ही त्याचा हात धरला. "राहू दे. नाई राहत याद तं नाई राहत. सगळ्या गोष्टीची याद ठेवून कराचं काय."

म्हणून तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये दीडशे भजनं असून आपण नेहमी पहिली दहा-बाराच ऐकली. चहाला थांबलो की परत पहिलं. हवा भरली की परत पहिलं. त्या खालच्या खणात तुम्ही ग्लुकोज बिस्किटांचा पुडा ठेवायला लागले, खबरवाल्या माणसांसाठी. जिथून ती खबर बाहेर आली होती, बरोबर त्याच जागी.

बटनं मेली तरी अंगठा खाली आला नाही. मला वाटलं होतं, आता तरी येईल.

इरफानभाई जुना टेप ठेवून घ्यायला तयार होता. तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवला. "पोरगा शिकून राहिला, त्याच्या कामी येईन." आणि गाडीत बसल्यावर, सौंसर मागं पडल्यावर, रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "घरी खोलून पाय. कुठं चुकलं ते समजलं तं मले सांगजो."

ती दाराची फट होती का, काकाजी? माझ्यासाठी उघडी ठेवलेली? मी वर्षभर त्याच एका वाक्याभोवती फिरलो. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही एकदा विचारलंही. मी आमच्या दारात दात घासत होतो, तुम्ही गाडी पुसत होते.

"काय बे, सापडलं का?"

"नाही अजून."

"सापडन," तुम्ही म्हणाले आणि काच पुसत राहिले.

टेप मी उघडलाच नव्हता. उघडायची गरजच नव्हती.

तुम्ही गेल्याला नववा दिवस होता, तेव्हा मी तो पहिल्यांदा लावला. दुपारी, घरात कोणी नव्हतं. जुन्या यूपीएसची बॅटरी होती, तिच्या तारा जोडल्या, एक छोटा स्पीकर लावला. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. पडदा उजळला. त्यानं आधी तेच लिहून दाखवलं, गाडी चालवताना पाहू नका. मग तो तुमचा फोन शोधायला लागला. एक गोल चक्र फिरत होतं, फिरत होतं. शोधून राहिलं होतं. मी म्हटलं, कोणाला शोधतोस बाबा. आणि चक्र थांबलं. पडद्यावर तुमचं नाव आलं, मीच टाकलेलं. देवराव काकाजी. जोडले गेले.

मी टेपवरचा हात मागं घेतला. मग समजलं, भिंतीपलीकडं काकूंनी तुमचा फोन चार्जिंगला लावला असेल. लोकांचे फोन येतात म्हणून त्या तो बंद करत नाहीत. समजलं, तरी मी खुर्चीवरून उठू शकलो नाही.

आणि तो वाजला. एकदाच. टेपनं आपणहून उचलला.

"हॅलो, देवरावजी? लोधीखेड्याहून बोलून राहिलो. गाडी पायजे होती. माह्या साळ्याले नागपूरहून आनाचं आहे. त्याची माय गेली सकाळी. तुमाले तं सगळं मालूमच आहे, त्याले काई सांगजा नका."

मी म्हटलं, "हॅलो." पण माइक गाडीच्या छतात राहिला होता. टेबलावरच्या टेपला कान नव्हते, नुसतं तोंड होतं.

"हॅलो? देवरावजी? आयकून राहिले ना?"

मी ओरडलो, "काका, ते नाहीत!" त्यांना ऐकू गेलं नाही. ते माझ्या खोलीत तुमचं नाव घेऊन हाका मारत राहिले. चार वेळा. मग फोन कटला.

काकू दारात आल्या. "पवन, पाय ना रे. काकाजीचा फोन एक डाव वाजला अन् आपोआप बंद झाला."

मी त्यांच्या हातून फोन घेतला. आधी टेपच्या सेटिंगमध्ये जाऊन ती ओळ बंद केली. एक बोट लावायचं होतं. मग त्या माणसाला फोन केला. त्यांनी पुन्हा तुमचं नाव घेतलं. मी विचारलं, "काका, तुम्ही घरीच आहात ना? जवळ कोणी आहे? बसा थोडं." मग सांगितलं. ते म्हणाले, "अरे देवा. मंग आता साळ्याले आनाले कोन जाईन?" त्यांना गाडीबद्दल म्हणायचं नव्हतं, हे मला कळत होतं.

सापडलं, काकाजी. कुठं चुकलं ते सापडलं. अंगठा लागला नव्हता. अंगठ्याचा काही दोष नव्हता. मी होतो.

एवढं एक वाक्य. हे मी तुम्हाला गिट्टीवर सांगू शकलो असतो, त्या अंगणात, सौंसरला, दिवाळीला. आणि त्या शेवटच्या सकाळी मी ते सांगायलाच निघालो होतो. त्याबद्दल लिहून थांबतो.

तुम्ही आजारी आहात हे मला माहीत होतं. छातीत दुखलं, दाखवलं, घरी आणलं, आता बरे आहेत, असं बाबा फोनवर म्हणाले होते. माझं प्रॅक्टिकल होतं. मी म्हटलं, संपलं की येतो. ते संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छिंदवाड्यातल्या माझ्या खोलीचं दार वाजलं. इरफानभाई उभा होता. त्याच्या मागं रस्त्यावर तुमची पांढरी गाडी.

"चाल. काकाजी याद करून राहिले. तब्येत जरा जास्त झाली."

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं रस्त्याकडं पाहिलं.

मी शर्ट बदलला, निघालो. मला पुढं बसवलं. थोड्या वेळानं म्हणाला, "तुहा फोन दे रे, माह्यात बॅलन्स नाई." घेतला आणि खिशात ठेवला, एकही फोन न लावता. गावातल्या कोणाच्या तरी स्टेटसवर तोपर्यंत तुमचा हार घातलेला फोटो लागला असणार. हे मला आता समजतं. तेव्हा मी वाक्य जुळवत होतो. घाटाच्या प्रत्येक वळणावर मी ते वेगळं करून पाहत होतो. काकाजी, एक सांगायचं होतं. काकाजी, रागावू नका. काकाजी, त्या दिवशी ते सेटिंग मी चालू केलं होतं. शेवटी ठरवलं, खाटेजवळ बसायचं, तुमचा डावा हात हातात घ्यायचा आणि मग सांगायचं. पहिलं भजन संपलं, दुसरं, तिसरं.

रामाकोन्याला त्यानं गाडी थांबवली. दोन आलूबोंडे माझ्यासमोर ठेवले, चहा ठेवला. स्वतः काहीच घेतलं नाही.

"तुम्ही?"

"माहं झालं. तू खाऊन घे. सगळं खाय."

मी त्या प्लेटकडं पाहिलं. त्याच बाकावर तुम्ही मला शिकवलं होतं. इरफानभाई हॉटेलच्या खांबाला टेकून उभा होता, माझ्याकडं पाठ करून, आणि त्याच्या खिशात माझा फोन थरथरत होता. तो उचलत नव्हता.

मी विचारलं नाही. तुम्ही म्हणाले होते ना, कोणी विचारत नाही. मी दोन्ही आलूबोंडे खाल्ले, शेवटच्या घासापर्यंत. तुम्हाला ते आवडलं असतं. चहाही पूर्ण प्यालो. जोवर मी खात होतो तोवर तुम्ही पांढुर्ण्याला खाटेवर होते आणि माझी वाट पाहत होते.

त्यानं चावी फिरवली. निळा लाइट लागला आणि टेप सगळं विसरून परत पहिल्या भजनापासून सुरू झाला. खालच्या खणात बिस्किटाचा पुडा होता, अर्धा उघडलेला, तोंड मुडपून रबर लावलेला. तो तुमचा रबर होता. मी स्टिअरिंगकडं पाहिलं. इरफानभाईचा डावा अंगठा चाकावर टेकलेला होता, जसा सगळ्यांचा असतो. ती गिट्टीची जागा आली आणि गेली. सौंसर आलं, गेलं. मी वाक्य जुळवणं सोडलं नाही. पांढुर्ण्याच्या पाटीपर्यंत मी ते घट्ट धरून ठेवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता. गाडी पुढं जाईना. बाबांनी येऊन दार उघडलं आणि माझा दंड धरला, पेट्या ठोकून खरखरीत झालेल्या हातानं. मला काकूंपर्यंत नेलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही बाजूंनी बाया. शेजारी एकीच्या हातात पाण्याचा तांब्या भरून तयार होता. आईनं मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. रडायला जागा होती. सगळं तुमच्या नियमाप्रमाणं होतं.

काकूंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "गेले रे बापा तुहे काकाजी. पहाटीच गेले. काल म्हने, मले काई झालं तं पवनले आनाले इरफानले धाडजा. खाऊ घालाले सांगजा. अन् त्याले गाडीत सांगजा नका."